गुरुवारच्या सामन्याआधी

कार्व्हर्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया
रविवार, २६ नोव्हेंबर १९०५

प्रिय नेस्ता,

हे पत्र टपालातून न येता आगगाडीवरच्या टुडोर गार्डच्या हातून आलं म्हणून दारातच उभी राहून फोडू नकोस. आधी खाली बस. तुझा एमलिन जिवंत आहे, हातपाय धड आहेत, आज दुपारी माझ्याच टेबलावर जेवलाय. हे पहिल्यांदा लिहिते, कारण आपल्या खाणीच्या गावात अवेळी आलेला कागद बायका कशा उघडतात ते मला ठाऊक आहे. तारच करणार होते. पण इथला तारवाला कॉलेजच्या टीमचा इतका वेडा, की माझी तार तुझ्या गावी पोचायच्या आधी कोचच्या कानावर गेली असती. शिवाय हे दहा शब्दांत मावणारं नाही. चॅपलमधून आल्ये ती टोपीसुद्धा न काढता लिहायला बसल्ये. टीमची पोरं गेलीत मागच्या धान्यकोठारात, दार लावून गुरुवारच्या चालींची तालीम करायला. रविवारी! आपल्या पाद्रीबुवांनी एकेकाची चामडी लोळवली असती. इथे कॉलेजचे प्रिन्सिपॉलसाहेब त्या वाटेने फिरायलाच जात नाहीत, म्हणजे काही दिसायला नको.

सप्टेंबरात तू मला लिहिलं होतंस, ‘मारेद, त्याला त्या खेळापासून लांब ठेव. एक माणूस फळीवर घालून घरी आणलेला पाहिलाय, दुसरा पाहायची ताकद माझ्यात नाही.’ मी उत्तर धाडलं, की एमलिन टीमबरोबर जातो खरा, पण बाकावर बसून पाण्याच्या बादल्या सांभाळतो. खोटं होतं ते. घे, एक खोटं बाहेर पडलं. तो पहिल्या सामन्यापासून खेळतोय. आणि फी माफ झाली ती त्याच्या गणितावर, असं जे तुला सांगितलं, तेही खोटं. खेळतोय तोवर फी माफ. खेळणं थांबलं, की त्याच आठवड्यात सामान बांधायचं. आता तू मला काय काय म्हणशील ते म्हण, मी ऐकून घेते, पण पुढे वाचत राहा.

तुला वाटेल मायदेशी आपली पोरं खेळायची तसाच हा इथला फुटबॉल. नाही गं. चेंडू काखोटीला मारून पळायचं, एवढंच सारखं. इथे समोरचे अकरा जण खांद्याला खांदा लावून भिंत करतात, आणि आपले दहा जण अकराव्याला पुढून ओढत, मागून रेटत त्या भिंतीत घालतात. तीन दणक्यांत पाच यार्ड पुढे गेलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्यांना जातो. तो अकरावा म्हणजे आपला एमलिन. डोक्यावर काही नाही. चामड्याची टोपी घातली तर ‘बाळ, दुपटं पण आणायचं होतंस!’ म्हणून हसतात. म्हणून पोरं जुलैपासून केसच कापत नाहीत, केस हीच त्यांची गादी. एमलिनचे तुझ्यासारखे दाट कुरळे केस आता मानेवर उतरलेत. आणि त्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना चामड्याच्या मुठी आहेत, प्रवासाच्या बॅगेला असतात तशा. धरून ओढायला सोपं जावं म्हणून. त्या मी शिवल्या, नेस्ता. मेण लावलेल्या दोऱ्याने, दुहेरी टाका घालून. कोच मॅक्रेडी बघून म्हणाला, ‘मिसेस पॅरी, पोरगा सुटेल पण तुमचा टाका सुटायचा नाही.’ आणि मी मेली खुशीने फुगले.

खरं सांगते, मला मिरवायला आवडलं. पॅरी गेल्यापासून या गावात मी म्हणजे खोल्या भाड्याने देणारी, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी विधवा. आणि यंदा टीमचं जेवण माझ्या घरी आलं. रोज अकरा-बारा धटिंगण, अर्धं कच्चं गोमांस आणि कोरडे टोस्ट. गोड म्हणून पानात पडायचं नाही, तसा कोचचा हुकूम. पहिला सामना जिंकले, दुसरा जिंकले, तिसऱ्यात समोरच्यांना एक गुण मिळाला नाही. खाटीक मला बोलवून चांगला तुकडा द्यायला लागला. प्रिन्सिपॉलची बायको, जिने चार वर्षांत माझ्याकडे पाहिलं नव्हतं, तिने रस्त्यात थांबून विचारलं, ‘आमच्या एमलिनची भूक कशी आहे?’ आमच्या म्हणे! मीही ऐटीत सांगितलं, ‘माझ्या बहिणीचाच मुलगा.’ आपण सख्ख्या बहिणी नाही हे मुद्दाम सांगत बसले नाही. एका बाकावर बसून अक्षरं गिरवली, एकीचे फाटके बूट दुसरीने घातले, यापेक्षा बहीण वेगळी काय असते? तो पोरगा मला मावशी म्हणतो ना, नेस्ता, तेव्हा माझ्या पोटी काही नाही याचा मला खरोखर विसर पडतो.

आठ सामने झाले, आठही जिंकले. उरलाय एक, येत्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुपारी, याच गावात. तो जिंकला की राज्याचं अजिंक्यपद. दुकानांवर झेंडे लागलेत. पाच हजार माणूस येणार म्हणून मैदानाभोवती फळ्यांचे बाक ठोकतायत, त्या हातोड्या सकाळपासून माझ्या कपाळात बसतायत. सगळं गाव आनंदाने वेडं झालंय आणि मी घरात भीतीने वेडी व्हायची राहिल्ये.

सांगते, सुरुवातीपासून सांगते. पाचवा सामना, ऑक्टोबरचा मधला शनिवार. एका झटापटीत एमलिन खाली गेला आणि वर वीस जणांचा ढीग. शिट्टी झाली, एकेक करून सगळे उठले, शेवटी तोही उठला. कपडे झटकले. आणि चालत चालत गेला तो समोरच्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्यांच्यातलाच एक असल्यासारखा, गुडघ्यावर हात ठेवून, आपल्याच पोरांकडे तोंड करून. लोक पोट धरधरून हसले. कप्तान हॉलोवेने हाताला धरून परत आणला तेव्हा टाळ्या पडल्या. मीही हसले गं. शेजारच्या बाईला कोपर मारून म्हटलं, ‘बघा आमचं ध्यान!’

सोमवारी त्याने कॉफीत मीठ घातलं आणि सगळी प्याला, तोंड वाकडं न करता. दुसऱ्या दिवशी एकाच पायात दोन मोजे घालून खाली आला. पोरांनी चिडवलं, तोही हसला, पण मी त्याचं हसू बघत होते. इतरांचं बघून, जरा मागून हसतो तो आता. सकाळी उठला की ओकतो. मी मनाला समजावलं, कच्च्या मांसाने होत असेल. चॅपलमध्ये ज्या भजनावर तो चार वर्षांचा असताना तुझ्या मांडीवर उभा राहून पहिल्यांदा गायला होता, त्याच भजनाच्या दुसऱ्या कडव्याला गप्प झाला. पुस्तक हातात, तोंड उघडं, आवाज नाही. आपल्या माणसाला भजन विसरलेलं तू कधी पाहिलंयस? तुझा गेथिन तर खाणीतून खोकत यायचा आणि खोकल्याच्या मधल्या फटीत म्हणायचा. मी त्या दिवशी एमलिनचा हात धरला, तर बर्फासारखा गार.

शनिवारी पोरांच्या अंघोळीला पाणी तापवते. त्याचे केस एवढे वाढलेत, की मीच म्हटलं, ‘बस, मी धुते, नाहीतर आठवडाभर साबण तसाच राहील.’ डाव्या कानाच्या वर, केसांच्या आत, बोटांना लागलं. टेंगूळ असतं तर मी घाबरले नसते, टेंगळं रोजचीच. हे मऊ होतं, नेस्ता. जास्त पिकलेल्या पेअरवर अंगठा ठेवावा तसं. मी हात काढून घेतला. ‘दुखतं का रे?’ म्हटलं. तो म्हणाला, ‘काय दुखतं?’ आणि मग, पाणी अजून केसांतून गळत होतं, मला अगदी साध्या आवाजात विचारतो, ‘बाबा आले का गं पाळीवरून?’ गेथिनला जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. त्या आवाजाने तो जागा झाल्यासारखा झाला आणि स्वतःच घाबरला. म्हणाला, ‘मावशी, मी काय बोललो?’

मी कप्तान हॉलोवेला स्वयंपाकघरात बोलावलं. सहा फुटी गडी, बटाट्याच्या पोत्यावर बसून लहान पोरासारखा रडला. म्हणाला, ‘मला माहितीये, मिसेस पॅरी. तीन आठवडे झाले, चालींचे आकडे ओरडले की त्याला कळत नाही कुठे जायचं. मीच मूठ धरून फिरवतो त्याला आणि सोडतो. एकदा दिशा दिली की मग तो थांबतच नाही हो!’ मग आठव्या सामन्यात मी नीट पाहिलं. खरंच. हॉलोवे दर वेळी मी शिवलेली मूठ धरतो, त्याला वळवतो आणि रेटतो. आणि एमलिन मान खाली घालून, डोकं पुढे करून जातो. लोकांना वाटतं ही काहीतरी नवी चाल आहे. पेपरात तसं छापूनही आलं. मी हॉलोवेला म्हटलं, ‘मग बाहेर का नाही काढत त्याला?’ तर म्हणाला, ‘एकदा बाहेर गेला की त्या सामन्यात परत येता येत नाही, नियम आहे. आणि तो नसला तर आम्ही तीन दणक्यांत तीन फूटही जात नाही.’ वाईट पोरगा नाही गं तो. पण आठ विजय डोक्यात गेले की चांगली माणसंसुद्धा आंधळी होतात. मी तरी कुठे डोळस होते?

टीमच्या डॉक्टरला घरी बोलावलं. त्याने डोळ्यांपुढे मेणबत्ती फिरवली. मला शेजारून दिसत होतं, एक बाहुली मोठी, एक छोटी. डॉक्टरलाही दिसलं, कारण मेणबत्ती त्याने दोनदा फिरवली. मग बॅग बंद करत म्हणाला, ‘मेंदूला जरासा धक्का. सक्तीची विश्रांती हवी. शुक्रवारपासून.’ मी विचारलं, ‘सामना गुरुवारी आहे, म्हणून शुक्रवार?’ माझ्याकडे न बघता हातमोजे घातले आणि गेला. कोचकडे गेले, तर तो सगळ्यांदेखत म्हणाला, ‘मिसेस पॅरी, तुम्ही बटाट्यांचं बघा, डोक्यांचं मी बघतो.’ हशा पिकला. मी म्हटलं, ‘बटाटा काळा पडला तर मी टाकून देते, तुम्ही काय करता?’ पण ऐकलं कुणी नाही. गेल्या शनिवारच्या सामन्याला, गुरुवारी आपल्यासमोर येणाऱ्या टीमचा एक माणूस वही घेऊन बाकावर बसला होता. त्यालाही ती मूठ दिसलीच असेल. डोक्याची कोणती बाजू एमलिन जपतो तेही दिसलं असेल. त्यांच्या भिंतीतला सगळ्यात हलका गडी सव्वादोनशे पौंडांचा आहे म्हणतात. आणि पेपरात दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावच्या पोराचं नाव येतं. मी आता ते पान वाचत नाही, सरळ चुलीत घालते.

एमलिनलाच समजावून पाहिलं. अजून अधेमधे तो पहिल्यासारखा असतो, सकाळी दहाच्या सुमाराला तर अगदी आपला जुना एमलिन. तेव्हा गाठून म्हटलं, ‘राजा, पोट दुखतंय म्हणून सांग. पाय मुरगळला म्हण. मी पायावर उकळतं पाणी ओतते हवं तर.’ तो म्हणाला, ‘आणि मग? सोमवारी दिवा घेऊन खाणीत उतरू? जिथून बाबा वर आले नाहीत तिथे?’ मग म्हणाला, ‘एक सामना राहिलाय, मावशी. जिंकलो तर शेवटच्या वर्षापर्यंतची फी माफ. आईला मी खाणीच्या गावातून बाहेर काढणार आहे. आणि तू तिला काही लिहिलंस ना, तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही.’ एवढं बोलून उठला आणि दाराऐवजी कोठीच्या कपाटाकडे गेला. कपाट उघडून आत बघत उभा राहिला.

शुक्रवारी मी काळा पोशाख घालून प्रिन्सिपॉलच्या कचेरीत गेले. खेळ थांबवण्याचा अधिकार त्या एका माणसाला आहे. सगळं सांगितलं: मीठ, मोजे, भजन, डोळे. त्याने ऐकून घेतलं, मला पाणी दिलं. मग खण उघडून एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. आता हे सांगायलाच मी टोपी न काढता बसल्ये आणि चार पानं इकडचं तिकडचं लिहिलं, कारण हात पुढे जात नव्हता. पेपरात पोरांचे मृत्यू यायला लागले, तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटी कॉलेजने नियम केला: घरून आईबापांचं लेखी संमतीपत्र आल्याशिवाय कुणीही मैदानात उतरायचं नाही. ‘माझा मुलगा एमलिन याला खेळण्याची मी राजीखुशीने परवानगी देते. काही बरंवाईट झाल्यास कॉलेजला दोष देणार नाही.’ खाली तुझं नाव, तुझ्या अक्षरात. तू असं काही लिहिलं नाहीस. मी लिहिलं. एका बाकावर, एकाच बाईंकडे शिकलो आपण, तुझं अक्षर आणि माझं अक्षर आपल्या आयांनाही ओळखू यायचं नाही. एमलिन रात्रंदिवस मागे लागला होता, आणि मी मनाशी म्हटलं, खाणीपेक्षा मैदान बरं, वर आकाश तरी आहे. आगीतून काढून फुफाट्यात घातला मी त्याला. आणि हेही लपवत नाही: त्या कागदावर तुझं नाव घातलं, तेव्हा त्याच्या ओकाऱ्या सुरू होऊन आठ दिवस झाले होते. मला दिसत होतं. तरी लिहिलं.

मी प्रिन्सिपॉलच्या टेबलावर दोन्ही हात ठेवून सांगितलं, ‘साहेब, हे खोटं आहे, हे मी लिहिलंय.’ तो हसला गं. दयेने हसला. म्हणाला, ‘मिसेस पॅरी, तुमचा त्या मुलावर जीव आहे, सामन्याआधी तुम्ही काहीही म्हणाल. त्याच्या आईची तक्रार असेल तर तिने येऊन मला सांगावं.’ तिथेच लिहून दाखवायला निघाले होते, पण काय उपयोग? एकसारखं अक्षर निघालं असतं, तरी म्हणाला असता की बघून गिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा सगळं खरं बोलले आणि माझ्याच खोट्याने मला तोंडावर पाडलं.

म्हणून तू ये. टुडोरची गाडी मंगळवारी सकाळी तुझ्या गावाहून निघते, तो तुला जंक्शनवर दुसऱ्या गाडीत बसवून देईल, बुधवारी दुपारी दोनला तू इथे पोचशील. तुझ्या इंग्रजीची लाज धरू नकोस. कागदावर बोट ठेवून ‘हे माझं नाही’ म्हणायचं, तेवढं इंग्रजी तुला येतं. मला खोटारडी म्हण, चोर म्हण, पोलीस बोलव, मी मान हलवून हो म्हणेन. एमलिन आपल्या दोघींचं तोंड बघायचा नाही. त्याला खाणीत परत जावं लागलं तर तो शाप मला लागू दे, पण शाप द्यायला तरी तो राहायला हवा. बुधवारी मी स्टेशनवर उभी असेन. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस, पण त्या गाडीतून उतर.

तुझीच, तू अजून तसं म्हणू देत असशील तर,
मारेद